जुन्या ब्रिटिश गाडीचा फ्यूएल पंप अधूनमधून बंद पडतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपासच्या गावांत मॉरिस मायनर, मॉरिस ऑक्सफर्ड, एम.जी. यांसारख्या गाड्या जपणाऱ्या मंडळींकडून आणि त्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः एस.यू. बनावटीच्या, विजेवर चालणाऱ्या पंपाविषयी आहेत. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे : अधूनमधून उद्भवणारा दोष तो हजर असतानाच तपासला पाहिजे. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर ती गॅरेजमध्ये नेऊन केलेली तपासणी बहुतेक वेळा वाया जाते, आणि मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलण्याचा खर्चिक सिलसिला सुरू होतो.

हा पंप कोणत्या गाड्यांत असतो आणि तो चालतो कसा?

एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर बंधूंची ही कार्बोरेटर कंपनी १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी विकत घेतली, त्यामुळे मॉरिस आणि एम.जी. गाड्यांत कार्बोरेटर एस.यू.चा आणि पंपही एस.यू.चा अशी जोडी अनेक वर्षे टिकली. मायनरमध्ये हा पंप बोनेटखाली, इंजिनमागच्या पत्र्यावर बसवलेला असतो. एमजीबीसारख्या गाडीत तो मागे, टाकीच्या बाजूला असतो. जागेचा हा फरक लक्षात ठेवावा, कारण उन्हाळ्यातल्या दोषांशी त्याचा थेट संबंध आहे.

पंपाच्या पोटात एक वीजचुंबकाची कॉइल, तिच्यासमोर लोखंडी चकतीला जोडलेला डायफ्राम (लवचीक पडदा), एक स्प्रिंग, आणि वरच्या काळ्या टोपीखाली पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, असतात. चावी फिरवली की कॉइलला करंट मिळतो, चकती ओढली जाते, डायफ्राम मागे सरकतो आणि टाकीतून पेट्रोल आत येते. चकती पुरेशी आत गेली की तिला जोडलेला दांडा पॉइंटखालची कमान पलटवतो आणि पॉइंट उघडतात. करंट तुटतो, आणि दाबली गेलेली स्प्रिंग डायफ्रामला पुढे रेटून पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलते. फेरी संपत आली की कमान पुन्हा पलटते, पॉइंट मिटतात आणि तेच चक्र चालू राहते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ही या कमानीच्या पलटण्याची आहे.

येथे एक बारकावा समजून घेतला तर पुढचे निदान फार सोपे होते. वीज पेट्रोल ढकलत नाही, ती फक्त ओढते. ढकलण्याचे काम स्प्रिंग करते. म्हणून कार्बोरेटरची फ्लोट वाटी (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरून तिच्या तोंडाची सुई बंद झाली की स्प्रिंग दाब धरून थांबते, पॉइंट उघडेच राहतात आणि पंप करंट न खाता शांत बसतो. उलट टाकीकडची वाट तुंबली असेल तर चकती पूर्ण आत जाऊ शकत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात, करंट सतत वाहतो आणि पंप गप्प असूनही तापतो. दोन्ही वेळा पंप गप्पच असतो, पण एक गप्पपणा निरोगी आहे आणि दुसरा कॉइल जाळू शकतो.

गाडी चालता चालता बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होते. दोष पंपाचाच आहे हे कसे ओळखावे?

गाडी कशी बंद पडली हे आठवून पाहावे. फ्लोट वाटीत थोडे पेट्रोल नेहमी शिल्लक असते, त्यामुळे पंप थांबला तरी इंजिन त्या क्षणी थांबत नाही. आधी ओढ कमी होते, मग गचके बसतात, अॅक्सिलरेटर सोडला की क्षणभर सावरल्यासारखे वाटते आणि मग इंजिन हळूहळू विझते. याउलट चालत्या गाडीत जणू कुणी चावी बंद केली अशा रीतीने इंजिन एकदम थांबले, तर आधी इग्निशनकडे पाहावे. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालते. लक्षण इतके सारखे की अनेक चांगले पंप याच गैरसमजातून काढून फेकले गेले आहेत.

मायनरमध्ये आणखी एक धागा हाती येतो. इग्निशन स्विचमधून निघणारी पांढरी वायर इग्निशन कॉइललाही जाते आणि पंपालाही. स्विचच्या आतला संपर्क किंवा त्या वायरवरचा एखादा जोड अधूनमधून सुटत असेल तर पंप आणि स्पार्क दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून गाडी बंद पडल्याबरोबर, ती थंड होण्यापूर्वी, एका प्लगची वायर काढून त्यात जादा प्लग अडकवावा, त्याचे अंग इंजिनच्या धातूला टेकवावे आणि स्टार्टर फिरवून स्पार्क येतो का ते पाहावे. ही चाचणी कार्बोरेटरपासून दूर आणि कुठेही पेट्रोल सांडलेले नसतानाच करावी. स्पार्क ठणठणीत असेल तर पेट्रोलच्या मार्गाला लागावे.

पंपाच्या आवाजावरून काय काय कळते?

या पंपाचा आवाज हाच त्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, आणि आपल्या गाडीच्या पंपाचा निरोगी आवाज कानात बसवून ठेवणे ही प्रत्येक मालकाची पहिली जबाबदारी मानावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवली की पंप काही वेळ भराभर टिकटिकतो, मग गती मंदावते आणि वाटी भरली की तो थांबतो. त्यानंतर इंजिन सुरू न करता चावी चालू ठेवली, तर अर्ध्या मिनिटात एखादा ठोका पडला तरी हरकत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी ठोका पडत असेल तर पेट्रोल कुठेतरी परत जाते आहे किंवा बाहेर येते आहे असे समजावे : पंपाच्या आतली झडप नीट बसत नसेल, कार्बोरेटरची सुई गळत असेल किंवा एखादा जोड पाझरत असेल. अशा वेळी कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीखाली ओल आहे का ते आधी पाहावे.

पंप थांबण्याचे नावच घेत नसेल आणि घाईघाईने टिकटिकत असेल, तर तो हवा ओढतो आहे. टाकीत पेट्रोल आहे याची खात्री करून टाकीपासून पंपापर्यंतचे सर्व जोड, रबरी होजचे तुकडे, फायबर वॉशर आणि पंपाच्या तळाच्या फिल्टरचे बूच तपासावे. ओढीच्या बाजूची ही चीर पेट्रोल बाहेर टाकत नाही, फक्त हवा आत घेते. त्यामुळे डाग किंवा वास नसला म्हणजे जोड शाबूत आहे असे मानू नये.

ठोके जड आणि सावकाश पडत असतील, जणू पंपाला श्रम होत आहेत, तर बॅटरीचा दाब कमी पडतो आहे किंवा टाकीकडची वाट अरुंद झाली आहे. आणि पंप पूर्ण गप्प असेल तर पुढचे उत्तर वाचावे.

रस्त्यात गाडी बंद पडली आणि पंप गप्प आहे. त्या क्षणी कोणत्या क्रमाने तपासावे?

गाडी बाजूला घ्यावी, सिगारेट-विडी ओढणाऱ्या बघ्यांना दूर करावे आणि चावी चालू ठेवून आधी पंपाच्या अंगाला हात लावावा. पंप हाताला चटका बसेल इतका गरम असेल तर करंट पोहोचतो आहे पण फेरी पूर्ण होत नाही, असा तर्क निघतो. चावी लगेच बंद करावी, कारण त्या अवस्थेत कॉइल जळू शकते. मग टाकीकडून येणाऱ्या नळीचा जोड पंपापाशी किंचित सैल करून चावी पुन्हा क्षणभर चालू करावी. पंप ताबडतोब टिकटिकू लागला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. तसे झाले नाही तर कार्बोरेटरकडच्या नळीचा जोड, खाली फडके धरून, सैल करावा. आता टिकटिक सुरू झाली तर पंप निर्दोष आहे आणि सुई किंवा पुढची नळी तुंबली आहे. जोड सैल करताना पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडणार नाही याची काळजी घेणे निदानापेक्षाही महत्त्वाचे आहे.

पंप तापलेला नसेल आणि दोन्ही जोड सैल करूनही गप्प असेल, तर प्रश्न विजेचा आहे. जोड पुन्हा घट्ट आवळावेत आणि सांडलेले पेट्रोल पूर्ण वाळू द्यावे. तोपर्यंत विजेच्या एकाही वायरला हात लावू नये. मग टेस्ट लॅम्पची एक वायर पंपाच्या टोपीवरच्या टर्मिनलला आणि दुसरी पंपाच्या अंगाला लावावी. दिवा लख्ख लागला तर वीज आणि अर्थ (करंट गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परतण्याची वाट) दोन्ही ठीक आहेत, म्हणजे दोष पंपाच्या आत, बहुधा पॉइंटवर आहे. दिवा लागला नाही तर दुसरी वायर पंपाच्या अंगाऐवजी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून पाहावी. आता दिवा लागत असेल तर पंपाची अर्थ वायर तुटली आहे किंवा तिच्या स्क्रूखाली गंज धरला आहे. जुन्या गाडीला नवा रंग दिल्यावर हा दोष हमखास उद्भवतो, कारण रंगाचा थर पंपाच्या पट्टीखाली जाऊन बसतो. पंपाच्या अंगापासून थेट इंजिनपर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर कायमची जोडून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च नगण्य आणि लाभ मोठा.

टेस्ट लॅम्प लागतो, तरीही पंप कधी चालतो, कधी चालत नाही. मेकॅनिक म्हणतात करंट व्यवस्थित आहे.

लहान दिव्याला फारच थोडा करंट पुरतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो लागतो. पंपाला ओढ घेताना बराच अधिक करंट हवा असतो, आणि तेव्हाच त्या जोडावर व्होल्टेज पडते. म्हणून मोजमाप पंप काम करत असताना व्हावे. मल्टिमीटर आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग पंपाच्या दोन टोकांवर लावून फरक पाहावा. ठोक्यांच्या मधोमध आकडा हलतो, पण ओढीच्या क्षणी हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. एक व्होल्टहून जास्त असेल तर इग्निशन स्विच, वायरींचे गोळीसारखे जोड आणि अर्थ एकेक करून साफ करावेत. साठ वर्षांपूर्वीची वायर बाहेरून शाबूत दिसते, पण आतले तांबे काळे पडलेले असते. तशी वायर बदलावी, तिच्यावर टेप गुंडाळू नये.

पंपावर स्पॅनरने हलकेच ठोकले की तो चालू होतो. तसेच चालवत राहिले तर काही बिघडते का?

ठोकल्यावर चालू होणे म्हणजे पॉइंटवर थर साचला आहे याची जवळजवळ खात्रीशीर खूण आहे. एकदा घरी पोहोचण्यापुरता हा उपाय योग्य आहे. नेहमीचा उपाय म्हणून तो धोक्याचा आहे. टोपी ठिसूळ बेकेलाइटची असते, ती तडकली की धूळ थेट पॉइंटवर जाते. शिवाय प्रत्येक वेळी अर्धवट जोडणाऱ्या पॉइंटवर ठिणगी अधिक मोठी पडते आणि धातू झिजत जातो. पंप आठवड्याला एकदा ठोकावा लागत असेल तर तो महिन्याभरात अशा जागी थांबेल जिथे ठोकूनही चालणार नाही.

पॉइंट घरी साफ करता येतात का?

येतात, आणि प्रत्येकाने ते शिकून घ्यावे. बॅटरीची एक वायर आधी काढावी. टोपीवरचा नट सोडून टोपी अलगद उचलावी. आत पेट्रोलचा वास किंवा ओल आढळली तर पुढे जाऊ नये; त्याविषयी खाली स्वतंत्र उत्तर आहे. पॉइंटचे पृष्ठ करडे किंवा निळसर झाले असेल तर जाड कोऱ्या कागदाची पट्टी दोन्ही पॉइंटमध्ये धरून, वरचे पाते हलकेच दाबून, ती सरळ ओढून काढावी. पट्टीवर काळी रेघ उमटणे थांबेपर्यंत हे करावे. खड्डे पडले असतील तरच अगदी बारीक पॉलिश पेपर वापरावा आणि त्यानंतर पुन्हा कागद फिरवावा, म्हणजे दाणे अडकून राहत नाहीत. टंगस्टनचा थर पातळ असतो. कानशीने घासलेला पॉइंट फार दिवस टिकत नाही.

साफ केल्यावरही पॉइंट लवकर काळे पडत असतील तर ठिणगी शोषण्याची व्यवस्था निकामी झाली आहे. या कामासाठी नंतरच्या काळातल्या काही पंपांत कपॅसिटर आणि काहींत डायोड आढळतो. कपॅसिटर कोणत्याही बाजूने जोडला तरी सहसा चालतो, डायोड मात्र चालत नाही.

नवा डायफ्राम बसवल्यावर पंप आणखी अनियमित झाला. असे का?

डायफ्राम बसवणे म्हणजे फक्त स्क्रू आवळणे नव्हे. चकतीचा दांडा कमानीत किती फिरवला आहे यावर पंप कधी पलटणार हे ठरते. एक वेढा इकडेतिकडे झाला तर थंड असताना चालणारा पंप गरम झाल्यावर अर्ध्यावर अडकतो.

रूढ पद्धत अशी आहे. पंप आडवा धरून, डायफ्राम आत फिरवत न्यावा आणि कमान पलटेनाशी झाली की थांबावे. मग अंगठ्याने चकती ठामपणे दाबत आणि दर वेळी थोडासा उलटा फिरवत, कमान जेमतेम पलटू लागेल ती जागा शोधावी. तेथून पुढे डायफ्रामची भोके अंगाच्या जवळच्या भोकांशी जुळवून घ्यावीत आणि त्यानंतर आणखी चार भोके, म्हणजे दोन तृतीयांश वेढा, उलटा फिरवावा. ही जुळणी करताना पॉइंटचे पाते बाजूला सारलेले असावे, कारण त्याच्या दाबाने कमान खोटा निर्वाळा देते.

चकतीभोवती पितळेचे अकरा छोटे रोळ असतात. ते चकतीला मध्यभागी राखतात. यातला एक जरी निसटून मागे सरकला तर चकती एका बाजूला घासते आणि पंप अगदी अधूनमधून अडकू लागतो. पंप उघडताना ते घरंगळून हरवू नयेत म्हणून खाली पांढरे कापड अंथरून बसावे आणि बंद करण्यापूर्वी ते मोजावेत. डायफ्राम व झडपा यांचे संच इंग्लंडमधील सॉल्सबरी येथील बर्लेन ही कंपनी आजही बनवते. पंपाच्या अंगावरच्या पट्टीचा क्रमांक पाहूनच मागणी नोंदवावी.

पेट्रोल टाकीच्या झाकणाचा या दोषाशी काही संबंध असतो का?

असतो, आणि फार मोठा असतो. पेट्रोल जितके बाहेर जाईल तितकी हवा टाकीत आली पाहिजे. झाकणाचे किंवा टाकीच्या श्वासनळीचे भोक बुजले की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला ओढ जमत नाही. गावातल्या लहान फेऱ्यांत काही जाणवत नाही. पुणे रस्त्यावर सलग चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर गाडी गुदमरते, थोडा वेळ उभी केली की सुधारते आणि मालक उन्हाला दोष देतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडताच सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि पंप लगेच टिकटिकू लागला, तर निदान पूर्ण झाले. जुने झाकण हरवल्यावर दुसऱ्या गाडीचे, भोक नसलेले झाकण बसवले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

हा त्रास एप्रिल-मे महिन्यांतच का होतो?

सोलापूरचा पारा त्या दिवसांत चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. बोनेटखालची हवा त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि मायनरचा पंप नेमका तेथेच असतो. ओढीच्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने तिथले पेट्रोल लवकर वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला आहे; वाफ मिळाली की तो भराभर टिकटिकतो आणि पेट्रोल मात्र पुढे सरकत नाही. तुळजापूरचा घाट दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये चढून वर जाऊन थांबलेली गाडी पुन्हा सुरू न होणे हा याचाच प्रकार आहे : इंजिनावर जोर, वेग कमी, वारा नाही आणि थांबल्यावर साठलेली उष्णता पंपात शिरते.

ओले फडके पंपावर आणि नळीवर टाकण्याचा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय शास्त्रशुद्ध आहे, फक्त पाणी टोपीवर आणि टर्मिनलवर जाऊ देऊ नये. फडके टाकल्यावर दोन-तीन मिनिटांत टिकटिक मंदावली आणि गाडी सुरू झाली तर वाफेचेच कारण होते असे धरावे. कायमसाठी पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा आडपत्रा बसवावा, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी आणि थर्मोस्टॅट, रेडिएटर, फॅनचा पट्टा यांची अवस्था पाहावी. इंजिनच गरम चालत असेल तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही.

तरीही उन्हाळ्यातला प्रत्येक बिघाड वाफेमुळे होतो असे समजू नये. गरम झाल्यावर गप्प होणारा पंप आणि गरम झाल्यावर भराभर टिकटिकणारा पंप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाफेने पंप कधीच गप्प होत नाही. गप्प होत असेल तर कॉइल, अर्थ, पॉइंट किंवा डायफ्रामची जुळणी तपासावी.

ई-२० पेट्रोलमुळे पंप खराब होतो का?

वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते, आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याचा इथेनॉलशी जवळचा संबंध आहे. इंधन म्हणून त्याचे गुण-दोष हा वेगळा विषय. या गाड्या बनल्या तेव्हा त्यांतले रबर, बुचाची गॅस्केट आणि डायफ्रामचे कापड इथेनॉलचा विचार करून निवडलेले नव्हते, एवढे येथे पुरेसे आहे. जुन्या रबरी होजचे आतले अस्तर फुगते, सुटते आणि झडपेसारखे मिटते. बाहेरून होज धडधाकट दिसतो. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थरही सोडवते आणि तो पंपाच्या फिल्टरमध्ये येऊन बसतो. इथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी वेगळे होऊ शकते.

उपाय सरळ आहे. सर्व रबरी होज बदलून एस.ए.ई. जे ३० आर ९ दर्जाचे घ्यावेत, डायफ्राम इथेनॉल सोसणारा निवडावा, आणि बदल केल्यावर पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत फिल्टर दोन-तीनदा साफ करावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुने पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नये.

फिल्टर कुठे बसवावा?

पंपाच्या तळाच्या बुचात तारेची बारीक जाळी असते, तिच्याकडे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. आधी ती साफ करावी. बाजारात मिळणारा मोटारसायकलचा कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावू नये. तो तुंबू लागला की ओढ अडते, आणि उन्हाळ्यात तेथेच वाफ धरते. कागदी फिल्टर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बसवावा.

टाकी आतून गंजलेली असेल तर कोणताही फिल्टर पुरा पडत नाही. टाकीतल्या नळीच्या तोंडाशी गंजाचा पापुद्रा येतो, ओढीने चिकटतो, पंप थांबला की खाली पडतो. म्हणून थोड्या विश्रांतीनंतर सारे सुरळीत झाल्याचा भास होतो. अशी टाकी उतरवून आतून साफ करणे हाच मार्ग आहे.

पंप पुरेसे पेट्रोल देतो की नाही हे मोजता येते का?

कार्बोरेटरवरची नळी काढून स्वच्छ बाटलीत सोडावी, इग्निशन कॉइलची पांढरी वायर काढून तिचे उघडे टोक टेपने झाकावे म्हणजे कॉइल विनाकारण तापत नाही, आणि चावी चालू करावी. मायनरच्या पंपाने मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल द्यायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धार अखंड असावी. तिच्यात बुडबुडे दिसत असतील तर पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. ही चाचणी गाडी थंड असताना एकदा आणि लांबची फेरी मारून आल्याबरोबर एकदा करावी. दोन्ही वेळचा फरकच दोषाची दिशा दाखवतो. काम उघड्या अंगणात, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवूनच करावे.

हा सारा खटाटोप टाळून बाजारातला नवा इलेक्ट्रिक पंप लावला तर?

लावता येतो, पण दाब पाहून. मायनरच्या मूळ पंपाचा दाब दर चौरस इंचाला साधारण एक ते दीड पौंड असतो. पाच-सहा पौंडांचा आधुनिक पंप लावला तर फ्लोटची सुई ते पेट्रोल रोखू शकत नाही, वाटी भरून वाहते आणि गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल सांडते. तसा पंप लावायचाच असेल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर हवा.

माझा कल मूळ पंप दुरुस्त करण्याकडे आहे. तो उघडता येतो, समजून घेता येतो आणि रस्त्याच्या कडेला साध्या हत्यारांनी पुन्हा चालू करता येतो. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेले एस.यू. पंपही मिळतात, बाहेरून ते मूळ पंपासारखेच दिसतात. मात्र ते घेताना गाडीचा अर्थ कोणता हे आधी पाहावे.

पॉझिटिव्ह अर्थमुळे हा दोष येतो का?

नाही. मायनरसारख्या डायनामोच्या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव अंगाला जोडलेला असतो, आणि साध्या पॉइंटच्या पंपाला दोन्ही सारखेच. डायोडचा किंवा इलेक्ट्रॉनिक पंप मात्र उलटा जोडला तर लगेच निकामी होतो. नवी बॅटरी घालताना तिची टोके सवयीने उलटी जोडली गेली आणि त्याच दिवशी पंप बंद पडला, असे झाले असेल तर कारण वेगळे शोधण्याची गरज नाही.

स्टँडर्ड हेराल्डला हे सर्व लागू होते का?

विजेचा भाग लागू होत नाही. हेराल्डचा पंप इंजिनवर असतो आणि कॅमशाफ्टवरून चालतो. तेथे काचेच्या किंवा धातूच्या वाटीखालचे गॅस्केट हवा घेते का, हे पाहावे. डायफ्राम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. झाकणाचे भोक, होज, वाफ आणि टाकीचा गंज यांविषयीचे सर्व मात्र जसेच्या तसे लागू आहे.

पंपाच्या टोपीतून पेट्रोलचा वास येतो. गाडी चालवावी का?

चालवू नये. डायफ्राम झिरपू लागला की पेट्रोल कॉइलच्या बाजूला जाते, आणि टोपीखाली प्रत्येक ठोक्याला ठिणगी पडत असते. चावी बंद करून बॅटरीची वायर काढावी, पंप उतरवावा आणि डायफ्राम बदलूनच परत बसवावा.

याच संदर्भात आणखी एक सूचना करावीशी वाटते. चावी चालू असेपर्यंत हा पंप इंजिन थांबल्यावरही चालतो. अपघातात नळी तुटली तर तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहतो. धक्का बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विच पंपाच्या वायरवर बसवून घ्यावा. स्विच ठोकळ्यासारखा छोटा असतो, डॅशखाली लपतो आणि गाडीच्या मूळ रूपाला बाधा आणत नाही.

अक्कलकोट, पंढरपूर किंवा पुण्याच्या प्रवासाला निघताना सोबत काय ठेवावे?

टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर लांब वायर, जोडांच्या मापाचे दोन स्पॅनर, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, आर ९ होजचा हातभर तुकडा, क्लिपा, काही फायबर वॉशर, जादा कंडेन्सर आणि पाण्याची बाटली. लांबचा बेत असेल तर जुळवून व तपासून ठेवलेला दुसरा पंपही घ्यावा; तो बदलायला दोन नळ्या, दोन वायरी आणि दोन नट एवढेच सोडावे लागतात. आणि डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवावी. गाडी बंद पडली की वेळ, ऊन, वेग, टाकीतले पेट्रोल, पंप टिकटिकत होता की गप्प होता आणि काय केल्यावर ती सुरू झाली, एवढे तेथल्या तेथे लिहून घ्यावे. गॅरेजमध्ये कारागिराला गाडीबरोबर ही वहीही द्यावी.